तीन घरचीं चार यंत्रें

गेल्या महिन्यांत एका रविवारीं रात्रीं घरांतील सर्व मंडळी पानावर बसली असतां माझ्या पुतण्यानें एक मागणी पुढें मांडली. संगणकांच्या जाळ्यांचें शास्त्र शिकून त्यांतील वरच्या दर्जाची प्रात्यक्षिक परीक्षा देण्याचें त्याच्या मनांत आहे, आणि तिच्या तयारीसाठीं त्यास चौसष्ट गिगाबाइट स्मृतीचा नवा संगणक पाहिजे आहे. घरीं आहे तो सोळा गिगाबाइटांचा. तोही तीनच वर्षांपूर्वीं घेतलेला. नव्याची किंमत ऐकतांच माझ्या वडील बंधूंचा घांस हातांतच राहिला. मुलाची तळमळ खरी आहे हें त्यांना दिसत होतें; परंतु त्याच्या धाकट्या बहिणीच्या महाविद्यालयाचें शुल्क याच वर्षीं भरावयाचें आहे, हेंही तितकेंच खरें होतें. शेवटीं वहिनी मुलाला म्हणाल्या, "अरे, तुझ्या काकांनींही हीच परीक्षा दिली ना? त्यांच्यापाशीं तेव्हां काय होतें, तें तरी विचार आधीं!"

मीं "उद्यां सांगतों" म्हटलें आणि ताक मागितलें. कारण त्या प्रश्नाचें खरें उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखें नव्हतें. सुज्ञ वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज अशीं मुलें आहेत, आणि त्यांच्या मागण्यांपुढें वडील माणसें अशींच अडून बसतात. म्हणून पुतण्यास सांगितलेली हकीकत येथें सविस्तर लिहीत आहे.

प्रथम ही परीक्षा कसली तें सांगितलें पाहिजे. तिचें नांव सी. सी. आय. ई. सिस्को नांवाच्या अमेरिकन कंपनीनें ती १९९३ सालीं सुरू केली. आधीं एक लेखी परीक्षा आणि तींत उत्तीर्ण होणारास आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा, असा तिचा क्रम मी बसलों तेव्हां होता. उमेदवारापुढें एक आंखलेलें जाळें ठेवतात. त्यांतील यंत्रें त्याच्या स्वाधीन करतात. आणि प्रश्नपत्रिकेंत सांगितलें असेल तसें तें जाळें चालवून दाखवावयाचें असतें. एका प्रश्नांतील सर्व अटी पुऱ्या झाल्या तरच त्याचे गुण. एक अट राहिली तरी शून्य. आमच्या वेळीं शंभरांत ऐंशी मिळवावे लागत. उत्तीर्ण होणारास एक क्रमांक मिळतो. हे क्रमांक १०२४ पासून सुरू झाले, आणि त्यांतला पहिला कोणा माणसास न देतां परीक्षेच्या यंत्रशाळेसच देण्यांत आला. ही गोष्ट मीं प्रथम वाचली तेव्हां मला ती केवळ गंमत वाटली होती.

जाळ्यांत मुख्यतः दोन जातींचीं यंत्रें असतात. राउटर हा बडनेरा जंक्शनासारखा समजावा; भुसावळकडून आलेला डबा पुढें नागपूरला जावयाचा कीं अमरावतीकडे वळावयाचा, हें तेथें ठरतें. स्विच हा मोठ्या वाड्यांतील जुन्या विश्वासू गड्यासारखा. कोण कोणत्या खोलींत राहतो हें त्यास पाठ असतें, आणि ज्याचा निरोप त्यासच तो पोंचवितो. माजघरांतील गोष्ट ओसरीवर जाऊं नये म्हणून एकाच स्विचाचे वेगवेगळे भाग पाडतां येतात. त्या भागांस व्ही-लॅन म्हणतात. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाहीं.

२००८ सालीं मी लेखी परीक्षा उत्तीर्ण झालों. तेव्हां मी अकोल्यास इंटरनेट पुरविणाऱ्या एका खाजगी संस्थेंत नोकरीस होतों. घरांत लहानमोठीं अकरा माणसें, मिळविते तिघे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले दोन जुने राउटर, एक जुना स्विच आणि घरचा दोन गिगाबाइटांचा संगणक, एवढी माझी सामग्री. परीक्षेच्या जाळ्यांत स्विच चार असत आणि राउटर सहा-सातांहून कमी नसत.

राउटरांची उणीव एका परदेशी गृहस्थाच्या विद्येनें बरीच भरून निघाली. फ्रान्समधील ख्रिस्तोफ फियो यांनीं २००५ सालीं डायनामिप्स नांवाची एक संगणक-रचना लिहावयास घेतली. तिच्या योगानें साध्या संगणकाच्या पोटांत सिस्कोचा राउटर जणूं प्रत्यक्ष चालूं लागे. एक नव्हे, सहा-सहा. मात्र राउटर रिकामा केव्हां बसला आहे हें संगणकास नेमक्या आंकड्यानें सांगावें लागे. तो आंकडा चुकला तर रिकाम्या राउटरासाठींही बिचारा संगणक आपली सर्व शक्ति खर्च करी, आणि वैशाखांतल्या अकोल्यांत त्याच्या पंख्याचा आवाज कूलरच्या आवाजाशीं स्पर्धा करूं लागे. स्विचाचें सोंग मात्र या रचनेस वठवितां येत नसे. कारण स्विचाचें बरेंचसें काम लिहिलेल्या आज्ञांनीं नव्हे, तर त्याच कामासाठीं घडविलेल्या सिलिकॉनच्या चकत्यांनीं होतें. तात्पर्य, स्विच खरेच पाहिजेत. आणि ते चार पाहिजेत.

एक गोष्ट लपवीत नाहीं. राउटरांत चालणारी मूळ आज्ञावली ही कंपनीची मालमत्ता, आणि तिच्या वापराचा हक्क यंत्राबरोबर जाणारा. यंत्र नसतां ती संगणकांत चालविणें कायद्याच्या दृष्टीनें निर्दोष नव्हतें. तेव्हां पुष्कळ विद्यार्थी तसेंच करीत, मींही केलें, आणि त्याची टोंचणी मनास होती. आज कंपनी स्वतःच घरीं अभ्यास करणारांसाठीं अशी रचना विकते. तेव्हां नव्या पिढीस ती टोंचणी बाळगण्याचें कारण उरलेलें नाहीं.

तरीही या अपुऱ्या सामग्रीनें मला जें दिलें, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहें. यंत्रें थोडीं असल्यामुळें प्रत्येक प्रयोग आधीं कागदावर करावा लागे. भिंतीवरील दिनदर्शिकेच्या उलटलेल्या पानांवर मी जाळें काढीं, कोणत्या राउटरास कोणती वाट दिसेल तें लिहून ठेवीं, आणि मगच यंत्रापुढें बसें. यंत्राचें उत्तर माझ्या उत्तराशीं जुळलें नाहीं म्हणजे काय चुकलें तें शोधण्यांत सारी रात्र जाई; पण तेवढें मग कायमचें कळे.

दुसरी देणगी विजेच्या अभावाची. त्या वर्षांत आमच्या भागांत भारनियमन असे. वीज केव्हां जाणार याचें वेळापत्रक असे, आणि वेळापत्रकाबाहेरही ती जाई. या यंत्रांचा धर्म असा कीं, दिलेली आज्ञा तीं तत्काळ पाळतात, परंतु ती जतन करून ठेवण्यास त्यांना निराळें सांगावें लागतें. न सांगतां वीज गेली कीं सारें विसरून तीं पुन्हां कोरीं होतात. तीन वेळां दोन-दोन तासांचें काम असें वाहून गेल्यावर दर दहा मिनिटांनीं जतन करण्याची संवय माझ्या बोटांसच जडली.

तिसरी देणगी आजोबांची. कै. आजोबांनीं संस्कृताचे शिक्षक म्हणून तीस वर्षें नोकरी केली होती. राउटर म्हणजे काय हें त्यांस ठाऊक नव्हतें. परंतु विद्यार्थ्यास विषय आला आहे कीं नाहीं हें ओळखण्याची विद्या त्यांच्यापाशीं होती. रोज रात्रीं जेवणानंतर ते झोंपाळ्यावर बसत आणि मला समोर बसवून संथा म्हणावयास लावीत. "हा डबा येथून तेथें जाईल असें तूं म्हणतोस. कां जाईल? आणि ती वाट बंद झाली तर?" जेथें मी "तें तसेंच असतें" असें म्हणें, तेथें ते झोंपाळा थांबवीत आणि म्हणत, "येथें तुला येत नाहीं." दुसऱ्या दिवशीं पुस्तकांत पाहावें, तों खरोखरच तेथें माझें अज्ञान असे.

इतकी तयारी करून २००९ च्या ऑगस्टांत मी बंगळूरास परीक्षेला गेलों. शुल्क १४०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानें पासष्ट हजार रुपयांहून अधिक. माझी सर्व शिल्लक आणि वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधींतील कांहीं रक्कम तींत गेली. परीक्षेंतील प्रश्न बाहेर सांगणार नाहीं असें प्रत्येक उमेदवार लिहून देतो, म्हणून तपशिलांत शिरत नाहीं. मी अनुत्तीर्ण झालों. अनुत्तीर्ण उमेदवारास कोणत्या विभागांत शेंकडा किती गुण पडले तें कळवितात. राउटरांच्या भागांत माझे गुण चांगले होते. स्विचांच्या भागांत ते इतके थोडे होते कीं, तो आंकडा मीं घरीं कोणास दाखविला नाहीं. चार स्विच एकत्र पाहण्याची माझ्या आयुष्यांतील ती पहिलीच वेळ होती, हेंच त्याचें कारण.

परतल्यावर आठ दिवसांनीं घरांत खलबत झालें. पुन्हां परीक्षेस बसावयाचें तर पुन्हां तितकेंच शुल्क. जुन्या बाजारांतूनही आणखी तीन स्विच घ्यावयाचे तर जवळजवळ तितकाच खर्च. दोहोंपैकीं एकच शक्य. आणि एकावांचून दुसऱ्याचा उपयोग नाहीं! तिसरी एक वाट होती, तीही सांगून टाकतों. परीक्षेंतील प्रश्न आणि त्यांचीं तयार उत्तरें चोरून विकणारे लोक तेव्हांही होते. त्यांचा भाव एका स्विचाच्या किंमतीहून कमी होता. मोह झाला नाहीं असें म्हणणें खोटें होईल. दोन रात्री मला झोंप नव्हती. पण ज्यांच्यापुढें रोज संथा म्हणावयाची, त्या आजोबांपुढें कोणत्या तोंडानें बसावें, या एका विचारानें ती वाट बंद झाली.

आजीनें आपल्या पाटल्या काढून वडिलांच्या पुढें ठेवल्या. वडील म्हणाले, "आई, परीक्षेस शुल्क पाहिजे आणि अभ्यासास यंत्रें पाहिजेत. दोन्ही गोष्टी एका जोडांत बसत नाहींत." बराच वेळ कोणीच बोलेना. मग आजोबांनीं मला विचारलें, "या वऱ्हाडांत तुझ्यासारखें आणखी कोणी अडलेलें नसेल काय? आमच्या शाळेंत आपट्यांचा कोश एकच होता. पण तो वीस मुलांनीं वापरला." इतकी साधी गोष्ट मला स्वतःला सुचली नव्हती, याची मला लाज वाटली. माझा अभ्यास, माझीं यंत्रें, माझी परीक्षा, याच्या पलीकडे माझी दृष्टि गेलीच नव्हती. पाटल्या बँकेंत गहाण पडल्या आणि तें द्रव्य केवळ शुल्कासाठीं म्हणून बाजूला ठेवलें. यंत्रांसाठीं मी माणसें शोधूं लागलों.

तीं अमरावतीस सांपडलीं. एक जण तेथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत साहाय्यक होता. त्याचे स्वतःचे दोन स्विच होते. दुसरा मोर्शीकडील संत्र्याच्या बागाइतदाराचा मुलगा. अमरावतीस नोकरी करी. त्याच्यापाशीं एक होता. माझा एक धरून चार झाले. तिघेही याच परीक्षेसाठीं आपापल्या खोलींत एकएकटे झगडत होते. आणि एकमेकांपासून शंभर किलोमीटरांच्या आंत राहत असून आम्हांस एकमेकांची वार्ता नव्हती!

२००९ च्या नोव्हेंबरापासून दर शनिवारीं कचेरी सुटली कीं मी स्विच सतरंजींत गुंडाळून अकोल्याच्या स्थानकावर एस. टी. गांठीं. चार-पांच किलोंचें तें यंत्र मांडीवर घेऊन बसावें लागे; कारण बोरगांव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा या वाटेनें त्या काळीं गाडीला जे हिसके बसत, ते टपावर ठेवलेल्या यंत्रास सोसले नसते. याच रस्त्यावर लोणी ते माना या भागांत २०२२ च्या जूनमध्यें १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर अखंड घालून गिनीजच्या पुस्तकांत विक्रम नोंदला गेला. ती बातमी वाचतांना मला माझ्या मांडीवरील गांठोडें आठवलें. एकदां एका म्हातारबांनीं "पोरा, मूर्ति हाय का?" असें विचारलें होतें, मीं होय म्हटलें आणि त्यांनीं हात जोडले.

अमरावतीकर मित्राचें घर राजापेठेंत, आमच्याप्रमाणेंच एकत्र कुटुंबाचें. माडीवरच्या खोलींत चारही स्विच एकावर एक रचून आम्ही रविवारीं रात्रींपर्यंत बसत असूं. त्याच्या आईस आम्ही काकू म्हणत असूं. गोळाभात आणि कढी तयार झाली कीं त्या जिन्यांतून हांक मारीत, "आधीं तें घूं-घूं बंद करा आणि मग खालीं या." मोर्शीकर मित्र आंबिया बहाराची संत्रीं पिशवीभर घेऊन येई, सालें खिडकींत वाळत पडत आणि खोलीला त्यांचा वास येई.

पहिल्याच रविवारीं जें घडलें तें सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास बसलों आहें. त्या दोघांनीं सकाळपासून दुपारपर्यंत आपल्या तीन स्विचांवर मोठ्या कष्टानें एक जाळें उभें केलें होतें. तीसएक व्ही-लॅन, आणि त्यांची सर्व व्यवस्था. माझ्या स्विचाची पाळी शेवटीं आली. मीं तो धुऊन-पुसून आणला होता, म्हणजे त्यांतील जुन्या सर्व आज्ञा खोडून टाकल्या होत्या. निदान तसें मला वाटत होतें. मीं तार जोडली. थोड्याच वेळांत तिन्ही स्विचांचे बहुतेक हिरवे दिवे गेले. जाळ्यांतलें कांहींच कशास उत्तर देईना. मोर्शीकर मित्रानें पडद्याकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहिलें, आणि म्हणाला, "राज्या, तुह्या यंत्रानं तं आमचं सारं पुसलं ना!"

झालें होतें तें असें. स्विचांस आपापसांत व्ही-लॅनांची यादी वाटून घेण्याची एक सोय असते, तिला व्ही. टी. पी. म्हणतात. एका स्विचावर केलेला बदल त्याच गटनामाचे बाकीचे स्विच आपोआप उचलतात. कोणाची यादी खरी मानावयाची, यासाठीं प्रत्येक बदलाबरोबर एक आंकडा एकानें वाढतो. ज्याचा आंकडा मोठा त्याची यादी नवी, आणि जी नवी ती सर्वांनीं निमूटपणें स्वीकारावयाची. मीं वर्षभर एकट्यानें अभ्यास करतांना शेंकडों वेळां व्ही-लॅन बनविले होते आणि मोडले होते. प्रत्येक वेळीं माझ्या स्विचाचा आंकडा वाढत गेला होता. यादीही शेवटीं मोडूनच ठेवलेली, म्हणजे रिकामी. साध्या आज्ञा खोडल्या तरी ही यादी आणि तिचा आंकडा दुसऱ्या कप्प्यांत राहतो, तो पुसला जात नाहीं. आम्ही तिघेही एकाच अभ्यासपुस्तकावरून शिकलेले, म्हणून गटनामही तिघांचें एकच. अशा रीतीनें माझ्या रिकाम्या यादीनें त्यांची भरलेली यादी खाऊन टाकली. कां, तर माझा आंकडा मोठा!

हा धडा पुस्तकांत होता. मीं तो वाचला होता; आजोबांपुढें संथेंत म्हणूनही दाखविला होता. परंतु एकच स्विच असलेल्या घरांत तो घडूंच शकत नव्हता. त्या दिवशीं मला माझ्या परीक्षेंतील अपयशाचें खरें स्वरूप कळलें. सामग्री थोडी असली म्हणजे मनुष्य कांहीं गोष्टी अधिक चांगल्या शिकतो. जपून वापरणें, आधीं विचार करणें, जतन करणें. पण ज्या गोष्टी दोघांतिघांच्या संबंधांतच असतात, त्या एकट्यास कितीही श्रमांनीं शिकतां येत नाहींत. त्या उणीव म्हणूनही त्याच्या ध्यानांत येत नाहींत. कारण एकट्याच्या घरीं सर्व ठीकच चाललेलें असतें. परगांवीं चार वर्षें एकट्यानें राहिलेला मुलगा सुटीला घरीं येतो आणि पहिल्याच दिवशीं स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत सर्वांची घडी आपल्या नव्या मतांनीं बदलूं पाहतो, हें दृश्य एकत्र कुटुंबांतील वाचकांस अपरिचित नसेल. त्याचा हेतु वाईट नसतो. मीही हेतु वाईट ठेवून तार जोडली नव्हती.

त्या दोघांनीं मला एका शब्दानें दुखविलें नाहीं. आम्ही तिघांनीं मिळून तें जाळें पुन्हां उभें केलें. रात्रीचा दीड वाजला. त्यानंतर आम्ही एक नियम केला: कोणतेंही यंत्र दुसऱ्यास जोडण्यापूर्वीं त्याचा आंकडा पाहावयाचा, आणि तें गटांतून एकदां अलिप्त करून पुन्हां गटांत घ्यावयाचें, म्हणजे तो आंकडा शून्यावर येतो. मग पुढें एक खेळही सुरू झाला. एकानें जाळ्यांत मुद्दाम बिघाड करून ठेवावयाचा आणि दोघांनीं तो शोधावयाचा. याचा लाभ पुढें फार झाला. कारण १८ ऑक्टोबर २००९ पासून परीक्षेंतच बिघाड शोधण्याचा दोन तासांचा नवा विभाग घालण्यांत आला होता. स्वतः केलेला बिघाड स्वतःस सांपडण्यांत कसली परीक्षा? बिघाड दुसऱ्यानें केलेला पाहिजे, आणि तो आपल्याहून निराळ्या डोक्याचा पाहिजे.

२०१० च्या मे महिन्यांत मोर्शीकर मित्राच्या वडिलांस पक्षाघात झाला. बाग पाहण्यास दुसरें कोणी नव्हतें; नोकरी सोडून तो गांवीं गेला. त्याची लेखी परीक्षा झाली होती. प्रात्यक्षिकाची तारीख मात्र त्यानें घेतली नव्हती. आम्ही त्याचा स्विच परत पोंचविण्यास निघालों, तर तो म्हणाला, "आतां मी बागेले पाणी देऊ का स्विचले आज्ञा? तुमीच ठेवा. चारांतला एक काढला तं तुमचं कसं चालन?" त्याचें तें यंत्र परीक्षेपर्यंत राजापेठेंतच राहिलें.

जुलैंत मी पुन्हां बंगळूरास गेलों. या वेळीं चार स्विच समोर दिसतांच प्रथम प्रत्येकाची स्थिति पाहून घेतली आणि मगच पहिली आज्ञा लिहिली. दुसऱ्या दिवशीं निकाल आला. मी उत्तीर्ण झालों होतों. घरीं दूरध्वनि केला तेव्हां आजीचे शब्द कळेनात इतकी ती रडत होती. आजोबांनीं मात्र विचारलें, "कोणत्या प्रश्नाचें उत्तर आलें नाहीं?" मीं तो प्रश्न सांगतां येत नाहीं असें सांगितलें. ते म्हणाले, "मला सांगूं नकोस, पण तूं तो उद्यां पाहून ठेव." पाटल्या दोन वर्षांनीं सुटल्या. अमरावतीकर मित्रही पुढच्या वर्षीं उत्तीर्ण झाला.

मोर्शीकर मित्र त्या परीक्षेस बसला नाहीं. तो आजही बाग पाहतो. त्याच्या गांवच्या ग्रामपंचायतींत काचतंतूची तार आली, आणि ती वारंवार बंद पडूं लागली, तेव्हां दोष नेमका कोठें आहे हें सांगणारा त्या पंचक्रोशींत तोच एक निघाला. मला क्रमांक मिळाला आणि त्याला नाहीं, हें मनांत आलें म्हणजे यंत्रशाळेस दिलेल्या त्या पहिल्या क्रमांकाची गोष्ट आठवते. ती मला आतां नुसती गंमत वाटत नाहीं. माझ्या क्रमांकांत एका स्विचाचा वाटा आहे, आणि तो स्विच माझा नव्हता.

ही झाली माझी हकीकत. आतां काळ पालटला आहे. २०१४ च्या जूनपासून या परीक्षेंतील यंत्रें आभासी झालीं. ज्यासाठीं मी सतरंजी वाहून नेली तो लोखंडी डबा आज कोणास लागत नाहीं. २०२० पासून परीक्षेचें नांव आणि रचनाही बदलली. आठ तासांपैकीं तीन तास आराखड्याच्या विचारास आणि पांच तास प्रत्यक्ष कृतीस, अशी वांटणी झाली. पण अपुरेपणा संपला नाहीं. तो डब्यांतून निघून संगणकाच्या स्मृतींत जाऊन बसला आहे. तेव्हां पुतण्याची मागणी हट्टाची नव्हे, हें मीं प्रथम माझ्या बंधूंस सांगितलें. सोळा गिगाबाइटांत मोठें जाळें खरोखरच मावत नाहीं.

पुतण्यास मात्र मीं दुसरी गोष्ट सांगितली. असा मोठा संगणक एका घरीं ठेवून तिघांनीं आपापल्या घरून त्यावर काम करणें आज सहज शक्य आहे. म्हणून आधीं तुझ्यासारखे दोघे शोध. किंमतीचा तिसरा हिस्सा आम्ही देऊं. तोंवर घरच्या संगणकांत मावेल तेवढें लहान जाळें उभें कर, कागदावर आधीं उत्तर लिही, आणि रोज रात्रीं तें आपल्या आईस समजावून सांग. "मला काय कळतें त्यांतलें?" असें वहिनी म्हणाल्या. मीं म्हटलें, "आजोबांस तरी काय कळत होतें?"

तीन आठवड्यांत त्यानें एक मुलगी अमरावतीची आणि एक मुलगा वाशिमचा असे दोन सोबती मिळविले. बंधूंनीं तिसरा हिस्सा आनंदानें दिला. मुलीचें शुल्कही वेळेवर भरलें गेलें. संगणक कोणाच्या घरीं ठेवावा, याविषयीं तिन्ही घरांत सध्यां बोलणें चालू आहे. माझी एकच अट आहे: महिन्यांतून एक रविवार तिघांनीं एका खोलींत बसून एकमेकांचें जाळें बिघडवावें. वहिनींनीं तो पहिला रविवार आमच्याकडे मागून घेतला आहे.